डोंगर राखीव, तर मग खडी कुठली?

भांडुप पश्चिमेला क्वारी रोड आहे. मालाड पूर्वेलाही एक क्वारी रोड आहे. माझं लहानपण यांतल्या पहिल्याच्या आसपास गेलं आणि कित्येक वर्षं मला ‘क्वारी’ हे कुणा साहेबाचं आडनाव वाटायचं, जसं फ्रिअर, जसं लॅमिंग्टन. पुढे सिव्हिलचा डिप्लोमा केला, साइटवर रोज खडीच्या चलनांवर सह्या करू लागलो, तेव्हा डोक्यात उजेड पडला की क्वारी म्हणजे दगडखाण. त्या रस्त्याच्या टोकाला डोंगर फोडायचे, एवढंच ते नाव सांगत होतं.

परवा सोसायटीच्या गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला धरलं. ‘‘अरे, नॅशनल पार्क राखीव, माथेरान राखीव, सगळा सह्याद्री म्हणे राखीव. मग तुम्ही हे चाळीस-चाळीस मजले बांधता कशाने? आकाशातून पडते का खडी?’’ प्रश्न बिनतोड होता. उत्तर मात्र गच्चीवर उभ्या उभ्या देण्याइतकं छोटं नाही, म्हणून हा लेख.

आधी डंपर.

पहाटे पाचला गाडी गेटवर लागते. मी टेप घेऊन मागच्या फाळक्यावर चढतो. लांबी चौदा फूट, रुंदी साडेसात, भरलेली उंची चार. गुणाकार ४२० घनफूट, म्हणजे ४.२ ब्रास. शंभर घनफुटांचा एक ब्रास. दगड, मुरूम, वाळू सगळं याच मापाने विकलं जातं आणि सरकारही याच मापाने रॉयल्टी घेतं. ड्रायव्हर मधली ‘टोपी’ मोजा म्हणतो, कारण मध्ये ढीग उंच असतो. मी कडेला बोट दाखवतो, कारण वाटेतल्या हादऱ्यांनी तिथे माल बसलेला असतो. ही हुज्जत रोजची, आणि दोघांनाही ठाऊक असतं की शेवटी चार ब्रासवर तोडगा निघणार. त्या गाडीत सतरा-अठरा टन दगड असतो.

एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण २.४ टन. त्यातले १.८ टन निव्वळ खडी आणि वाळू. वाळू पूर्वी नदी-खाडीची यायची. आता बहुतेक साइटवर क्रश सँड येते, म्हणजे तीसुद्धा दगड दळूनच केलेली. माझा ढोबळ हिशोब असा, की सहाशे फुटांच्या फ्लॅटच्या वाट्याला दहाएक ब्रास दगड येतो, म्हणजे असे दोन-अडीच डंपर. काकांच्या आणि माझ्या डोक्यावरचा स्लॅब हा एका डोंगराचा तुकडा आहे, फक्त तो डोंगर कुठला ते आपल्याला माहीत नाही.

आता या धंद्याची गोम. खाणीच्या तोंडाशी दगड स्वस्त असतो, महाग असतं ते भाडं. सोनं हजार मैलांवरून आणलं तरी भावात फरक पडत नाही. खडी चाळीस-पन्नास किलोमीटर चालली, की डिझेल, टोल आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले तास मिळून भाडं मालाच्या किमतीशी बरोबरी करू लागतं. त्यामुळे खाणवाला कायम शहराला लगटून राहू पाहतो. शहराला लागून असलेला डोंगर म्हणजे बहुधा तोच असतो, जो राखीव ठेवावा असं शहराला वाटतं. सगळं भांडण या एका गोष्टीतून जन्मतं. बाकी कायदा, लवाद, मोर्चे हे त्याचे फुटवे.

मुंबईने आधी आपल्या पोटातलेच डोंगर खाल्ले. फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयासमोर कधी उभे राहिलात तर भिंतीचे दोन रंग बघा. करडा दगड कुर्ल्याचा बेसाल्ट, पिवळट दगड मालाडचा ट्रॅकाइट. १९२४ साली पुरा झालेला गेटवेही इथल्याच पिवळ्या बेसाल्टचा. तेव्हा कुर्ला आणि मालाड ही शहराबाहेरची गावं होती. पुढे शहर त्यांच्यावरून पसरत गेलं आणि जुन्या खाणींच्या खड्ड्यांत वस्त्या उठल्या. यातली एक गंमत मला कधी विसरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या अतिक्रमणांवर १९९५ साली उच्च न्यायालयात याचिका झाली, झोपड्या हटवण्याचे आदेश निघाले, आणि तिथल्या हजारो कुटुंबांचं पुनर्वसन झालं ते चांदिवलीच्या संघर्षनगरात. ती जागा कसली, तर जुन्या दगडखाणीची. एक डोंगर वाचवायला काढलेली माणसं आधीच संपलेल्या डोंगरावर जाऊन राहिली.

अंधेरीची गिल्बर्ट हिल हा दुसरा नमुना. साठेक मीटर उंचीचा बेसाल्टचा उभा सुळका, वर गावदेवीचं मंदिर. १९५२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००७ साली महापालिकेने वारसा यादीत ग्रेड दोनमध्ये घातला. पण भोवतीचा डोंगर तोवर दगडासाठी कापून झाला होता आणि आता खेटून इमारती आहेत. अंधेरी स्टेशनवरून चालत जाऊन तो सुळका बघणारे मुंबईकर मला फारसे भेटलेले नाहीत.

रेघांचा डोंगर

‘राखीव’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो. प्रत्यक्षात एकाच डोंगरावर पाच-सहा वेगवेगळ्या रेघा असतात, प्रत्येक रेघ वेगळ्या खात्याने वेगळ्या साली आखलेली, आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत.

सगळ्यात पक्की रेघ वन्यजीव संरक्षण कायद्याची, १९७२ ची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर, या रेघेच्या आत आहे. तुंगारेश्वर आणि कर्नाळा ही अभयारण्यंही याच कायद्याखाली येतात. इथे खाण नाही म्हणजे नाही.

त्याच्या भोवती इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा. तो १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली जाहीर होतो. आपल्या उद्यानाचा डिसेंबर २०१६ मध्ये झाला, ५९.४६ चौरस किलोमीटरचा. पण मुंबईत जागा कुठे आहे? म्हणून या पट्ट्याची रुंदी काही ठिकाणी चार किलोमीटर, तर काही ठिकाणी जेमतेम शंभर मीटर. शंभर मीटर म्हणजे लोकलचा अर्धा प्लॅटफॉर्मही नाही. या पट्ट्यात दगडखाण आणि खडीचा क्रशर दोन्हींना बंदी. स्थानिक रहिवाशाला घरदुरुस्तीपुरतं खणता येतं.

मग शंभर मीटरच्या पलीकडे खाण चालेल का? नाही, कारण तिसरी रेघ आहे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये प्रत्येक उद्यान-अभयारण्याभोवती किमान एक किलोमीटरचा झोन हवाच असं सांगितलं. राज्यांनी आणि केंद्राने अडचणी मांडल्या, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये ती सरसकट अट सैल झाली. खाणींपुरता किलोमीटर मात्र कायम राहिला. उद्यानाच्या आत आणि हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम नाही. झोन शंभर मीटर, पण खाणबंदी हजार मीटर, असा हा दुपदरी प्रकार आहे, आणि भल्याभल्यांचा इथे गोंधळ उडतो.

यानंतर वनखात्याची रेघ: राखीव वन, संरक्षित वन, आणि १९७५ च्या कायद्याने ताब्यात आलेली खाजगी वनं. आपल्या इमारतीखालची जमीन या शेवटच्या प्रकारात धरली गेल्याने मुलुंड-भांडुपच्या कितीतरी घरमालकांची झोप उडाली होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती परत आली. वनजमिनीवर खाण हवी तर १९८० च्या वनकायद्याखाली केंद्राची परवानगी लागते.

माथेरानचा वेगळाच संसार. २००३ साली तिथे २१४.७३ चौरस किलोमीटरचा संवेदनशील पट्टा जाहीर झाला, उद्यान किंवा अभयारण्य नसताना.

या सगळ्या रेघांच्या बाहेर जो डोंगर उरतो तो नुसता डोंगर. कुणाच्या सातबाऱ्यावरचा, गावठाणामागचा, सिडकोसारख्या संस्थेने खाणपट्ट्यावर दिलेला. पारसिकच्या रांगेचा तुर्भ्याकडचा भाग ठाणे-बेलापूर रस्त्यावरून बघा, पुरणपोळीचा चतकोर तोडावा तसा कापलेला दिसतो. तोही डोंगरच, त्याच्यावरही पावसात धबधबे येतात. त्याच्यावर फक्त रेघ नव्हती. वसई-कामण, भिवंडी, पनवेल-उरण या बाजूंना खडीचे ठिपके दिसतात ते असेच, रेघांच्या मधल्या फटींत.

दगड कायद्याच्या भाषेत ‘गौण खनिज’ आहे. १९५७ च्या खाण कायद्याने गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला. आपल्याकडचे सध्याचे नियम २०१३ चे. परवाना जिल्हाधिकारी देतो, मोजणी तहसीलदाराची माणसं करतात. केंद्राची पर्यावरण मंजुरी पूर्वी पाच हेक्टरांच्या खालच्या खाणीला लागतच नव्हती. मग काय व्हायचं? शेजारी शेजारी साडेचार-साडेचार हेक्टरांचे पट्टे, कागदावर वेगळे, जमिनीवर एकच भलामोठा खड्डा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका प्रकरणात हे ओळखलं आणि लहान पट्ट्यालाही मंजुरी हवी असं ठरवलं. आता एकमेकांपासून पाचशे मीटरच्या आतले पट्टे ‘क्लस्टर’ म्हणून एकत्र धरले जातात.

बार

खाण आतून बघितली नसेल तर थोडक्यात. वरचा झाडोरा आणि मुरूम काढतात, खाली काळा खडक लागतो. कॉम्प्रेसरवरच्या ड्रिलने ओळीने भोकं पाडतात, त्यांत स्फोटकं आणि डिटोनेटर भरून तोंडं बंद करतात. याला बार भरणं म्हणतात. लाल बावटा, शिट्टी किंवा भोंगा, माणसं लांब, आणि बार उडतो. चांगल्या खाणीत सगळी भोकं एकदम उडत नाहीत. काही हजारांश सेकंदांच्या अंतराने एकेक ओळ सुटते, त्यामुळे दगड नीट फुटतो आणि हादरा विभागला जातो. मोठे डबर ब्रेकरने फोडून जॉ क्रशरमध्ये, तिथून कोन क्रशर, मग चाळण्या, आणि खाली वीस एमएम, दहा एमएम, ग्रिट, डस्ट असे ढीग. यंत्रं यायच्या आधी हे सगळं घण आणि छन्नीवर चालायचं. वडार समाजाच्या कित्येक पिढ्यांचे हात त्यात झिजले. पाठीला मूल बांधून खडी फोडणाऱ्या बाया मी लहानपणी रस्त्याच्या कडेला पाहिलेल्या आहेत.

हादऱ्याला मर्यादा आहेत. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार, संथ कंपनं असतील (सेकंदाला आठांहून कमी) तर साध्या घरापाशी जमीन सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने हलता कामा नये. ऐतिहासिक वास्तूंसाठी हीच मर्यादा २ मिलिमीटर. आता कान्हेरी डोळ्यांसमोर आणा: शंभराहून जास्त लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीपासून याच खडकात कोरलेली, आणि बहुतेक लेण्यांबाहेर पाण्याची पोढी, म्हणजे खडकात कोरलेलं टाकं. पोढीला तडा गेला तर पाणी थांबत नाही. (तसं पाहिलं तर लेणं आणि खाण, दोन्ही खडक काढण्याचेच उद्योग. लेणं कोरणाऱ्याला पोकळी हवी होती, दगड त्याने फेकून दिला.)

पण हादरा आणि धूळ दिसतात, ऐकू येतात, त्यांच्याबद्दल तक्रार होते. खरं नुकसान पाण्याचं, आणि ते दिसत नाही. सह्याद्रीचा हा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झाला. बेसाल्ट स्वतः पाणी पीत नाही. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकातल्या भेगांत आणि दोन थरांमधल्या फटीत. कड्याच्या पोटात जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे झरा, झऱ्यापाशी पाडा, पाड्याखाली भाताची खाचरं. खाणीने वरचा मुरूम काढला की स्पंज गेला. कडा कापत खाण खाली उतरली की भेगांतलं पाणी विहिरीकडे जायच्या ऐवजी खड्ड्यात उतरतं, आणि खाणवाला ते पंप लावून बाहेर काढतो, कारण त्याला तळ कोरडा हवा असतो. मार्चपर्यंत पुरणारी विहीर जानेवारीत तळ दाखवू लागते. गावकरी सांगतात, कागद विचारतो पुरावा कुठे आहे.

मुंबईला हे उशिरा का होईना कळलेलं होतं, थोड्या वेगळ्या वाटेने. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. त्यांच्या पाणलोटाचे डोंगर पाण्यासाठी म्हणून राखले गेले, आणि आजच्या उद्यानाचा गाभा त्यातून टिकला. बिबटे नंतर कौतुकाचे झाले. (बिबट्यांवर सगळेच लिहितात, म्हणून मी इथे लिहीत नाही.)

आणि खड्ड्याचं काय? कोळशाच्या उघड्या खाणीत वरची माती-दगड बाजूला टाकतात आणि शेवटी परत भरता येते. दगडखाणीत बाजूला टाकायला काही नसतंच, मुरुमापासून डस्टपर्यंत सगळं विकलेलं असतं. त्यामुळे बंद खाण म्हणजे उभ्या भिंतींचा, पावसाळ्यात भरणारा हौद. काठ उतरता नसल्याने त्यात पडलेल्याला बाहेर यायला धर मिळत नाही. नियमाप्रमाणे खाण टप्प्याटप्प्याने, पायऱ्या ठेवत खाली जायला हवी. प्रत्येक पायरीच्या जागी थोडा दगड न काढता सोडावा लागतो, आणि तोच नेमका कुणाला सोडवत नाही.

एवढं कडू सांगितल्यावर एक गोड गोष्टही सांगतो. कांदिवलीच्या जुन्या खाणीत खडकाच्या पोकळ्यांतून प्रेह्नाइटचे हिरवट गोळे आणि ओकेनाइटचे कापसासारखे पांढरे पुंजके मिळाले. जगभरचे खनिजसंग्राहक ते नमुने ‘बॉम्बे’च्या नावाने ओळखतात. क्रशरला त्याचं काही नव्हतं; कुणा कामगाराने वाकून उचलले म्हणून ते राहिले.

मसुद्यावर मसुदा

मुंबईजवळच्या फटी बुजत गेल्या की खाण सह्याद्रीकडे सरकते. तिथल्या रेघेची कथा म्हणजे पुढची तारीख, पुढची तारीख. पश्चिम घाटासाठी केंद्राने नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली अहवाल दिला. सर्वांत नाजूक भागातल्या खाणी २०१६ पर्यंत बंद कराव्यात असं त्यात होतं. राज्यांना तो झेपला नाही. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील धरला. मार्च २०१४ मध्ये केंद्राने पहिला मसुदा काढला. मसुद्याची मुदत असते. अंतिम अधिसूचना निघाली नाही तर तो बाद होतो आणि नवा काढावा लागतो. असे सहा निघाले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर आहे. मसुद्यानुसार या क्षेत्रात नवी खाण नाही, आणि चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा पट्टा संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा बंद. ‘अंतिम अधिसूचनेपासून’ हे दोन शब्द नीट वाचा. घड्याळाची चावी त्यांच्यात आहे.

गावांचा विरोध आहे, आणि तो सगळाच खाणवाल्यांनी पेटवलेला नाही. घर बांधायला, गोठा वाढवायला मुंबई-दिल्लीला विचारावं लागेल ही भीती खरी आहे, मसुद्यात तसं नसलं तरी. ज्यांनी डोंगर राखला त्यांच्यावर बंधनं, आणि ज्यांनी आपले खाऊन टाकले ते आम्ही मुंबईकर घाटात वीकेंड होम शोधणार. मला याचं उत्तर देता येत नाही.

तुमच्या गावाजवळ खाण असेल तर बघण्यासारख्या गोष्टी मात्र आहेत. गट नंबर तलाठ्याकडे मिळतो. पर्यावरण मंजुरी आणि तिच्या अटी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असतात; किती दगड काढायचा, किती खोल जायचं ते त्यातच लिहिलेलं असतं. गाडीचा वाहतूक पास ‘महाखनिज’ प्रणालीतून निघतो. पट्ट्याच्या कोपऱ्यांवर हद्दीचे खांब हवेत. खांबाच्या बाहेर खड्डा गेला असेल तर तो बेकायदा, आणि जमीन महसूल कायद्याच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. एकाच पासावर दिवसात तीन फेऱ्या मारणं ही जुनी युक्ती आहे. त्यासाठी वेगळं पोर्टल लागत नाही, नाक्यावरचा चहावाला पुरतो.

एक प्रकार मात्र खाण न म्हणता डोंगरातून दगड काढतो. ठाणे-बोरिवली जोडबोगदा उद्यानाच्या पोटातून जातो, दहा किलोमीटरहून लांब. वरचं जंगल जागेवर राहतं, आतला खडक बाहेर येतो. तो भरावाला किंवा खडीला वापरला, तर तेवढा एखादा दुसरा डोंगर उभा राहील. नुसता कुठे खाडीकाठी ओतला, तर दोन्हीकडून गेलं.

जुन्या इमारती पाडतो त्यांचंही तसंच. खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाने २०१६ पासून जुन्या काँक्रीटची खडी चालवून घेतली आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ या ताकदीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत. मुंबईत बरंच बांधकाम जुनं पाडूनच होतंय, म्हणजे माल दारात पडलेला. गेल्या महिन्यात मी आमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटांना विचारलं, निदान कंपाउंडच्या पीसीसीला, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटला, वापरू या का. ते म्हणाले, ‘‘कोडमध्ये बसतं हो. पण ग्राहकाला सांगणार काय, तुमच्या नव्या घरात जुनं घर आहे म्हणून?’’

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीची गाडी आली. चलनावरच्या गावाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ड्रायव्हरला म्हटलं, दादा, हे कुठं आलं? तो फाळका उघडत म्हणाला, ‘‘पहिली खदान बंद झाली ना साहेब. ही अजून अकरा किलोमीटर आत. भाडं वाढवून द्या म्हणावं शेठला.’’ आणि टोपी मोजायला वर चढला.